शस्त्रक्रियेनंतरची वेदना आणि जंतुनाशक औषधें

ज्या दुखण्याविषयीं घरांत बोलण्याचा प्रघात नाहीं, त्याविषयीं आज चार शब्द बोलणार आहें.

गर्भाशयाच्या अस्तरासारखें पेशीजाल गर्भाशयाबाहेर वाढूं लागतें, त्या विकारास एंडोमेट्रिओसिस म्हणतात. जननक्षम वयाच्या सुमारें १० टक्के स्त्रियांना तो जडतो. शस्त्रक्रिया करून ती वाढ काढतात. परंतु कित्येकींची वेदना कांहीं काळानें परतते. मग 'बाईच्या जातीला सोसावेंच लागतें' असें सांगून तिची बोळवण होते.

अलीकडे मात्र जंतूंवर संशय येऊं लागला आहे. २०१९ सालीं अमेरिकेंत, सेंट लुई येथील वॉशिंग्टन विद्यापीठांत उंदरांना मेट्रोनिडाझोल हें औषध दिलें असतां असल्या गांठी लहान झाल्या. २०२३ सालीं जपानांतील नागोया विद्यापीठाच्या संशोधकांना सुमारें ६४ टक्के रोगिणींच्या गर्भाशयाच्या अस्तरांत फ्यूजोबॅक्टेरियम नांवाचे जंतु आढळले. हा विकार नसलेल्या स्त्रियांत तें प्रमाण १० टक्क्यांहून कमी होतें.

पण उंदीर आपली वेदना सांगत नाहीं. म्हणून कसोटी माणसांवरच व्हावयास हवी. शस्त्रक्रियेनंतर चिठ्ठ्या टाकून स्त्रियांचे दोन गट करावयाचे. एकास खरें औषध, दुसऱ्यास तशीच दिसणारी औषधहीन गोळी. कोणास काय दिलें हें रोगिणीस वा डॉक्टरांस ठाऊक नसावें. कारण नुसत्या आशेनेंहि वेदना उणी भासते. मग शून्यापासून १० पर्यंत अंक सांगावयास लावून वेदना मोजावयाची.

तोंवर हें औषध स्वतःच्या मनानें घेऊं नये. जंतु त्यास सरावतात. मात्र घरांतील लेक किंवा सून 'दुखतें' म्हणाली, तर तें खरें मानण्यास कोणत्याहि प्रयोगाची वाट पाहावयास नको.