मैदानाचा मानकरी



मराठी वाङ्मयाच्या अध्यापनात हयात घालविलेल्या माणसाने क्रीडांगणावर बोलावे, याचे आपल्यापैकी कित्येकांना नवल वाटले असेल. विषय मी स्वतःच मागून घेतला. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांचे एक देणे माझ्याकडे राहून गेले आहे. त्याविषयी पुढे ओघाने सांगेन.

आरंभ शब्दांपासूनच करतो. जन्माची खोड जात नाही. ‘मैदान’ हा शब्द फारसीतून आला. ‘क्रीडांगण’ हा संस्कृत घडणीचा, सरकारी फलकावर शोभणारा. आपल्या पेडणे-डिचोलीत मात्र या दोहोंहून अधिक जिव्हाळ्याचा एक शब्द आहे : मांड. शिगमो आला की ढोल-ताशे ज्या जागेवर प्रथम वाजतात, नमन जेथे होते, जेथे पाऊल टाकण्यापूर्वी आपण पायतण काढतो, तो मांड. या जागेला ना कुंपण, ना दरवाजा. तरीही पिढ्यान्‌पिढ्या तिच्यावर कोणी घर बांधले नाही. केवळ देवाच्या धाकाने असे झाले, असे मला वाटत नाही. मांडाला मानकरी असतात. जागा कोणी झाडायची, कोणी सारवायची, पहिला मान कोणाचा, हे ठरलेले असते. मांड टिकला तो या वाटून दिलेल्या कामामुळे. आपल्या मैदानांना मानकरी नाही, हे माझे आजचे सांगणे आहे.

माझ्या लहानपणी, म्हणजे गोवा मुक्त होण्याच्या आगेमागे, आम्हांला मैदान असे नव्हतेच. सरदाचे भात कापून झाले की शेते मोकळी होत. धसकटे पायांना टोचत, पण विटीदांडू, हुतूतू, आणि कोणी चेंडू आणलाच तर फुटबॉल, सारे तेथेच चाले. ज्या शेतात वायंगण लावायचे असे तेथून शेतकरी हाकलून देई. त्याचे बरोबरच होते. पाऊस सुरू झाला की खेळ थेट देवळाच्या सभामंडपात शिरे, आणि तेथूनही हाकलपट्टी होई. आमचे क्रीडांगण असे ऋतुमानाप्रमाणे फिरत असे.

आता घटनेकडे वळू. १९९३ साली ७३वी आणि ७४वी घटनादुरुस्ती अमलात आली. नगरपालिकांसाठी जी बारावी अनुसूची जोडली गेली, तिच्यात उद्याने, बागा व क्रीडांगणे यांचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे पेडणे, डिचोली आणि सांखळी या नगरपालिकांपुढे हा विषय लेखी आहे. पंचायतींसाठीच्या अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत. ग्रंथालये आहेत, सांस्कृतिक कार्य आहे, बाजार आणि जत्राही आहेत. खेळाचा शब्द नाही. ‘सामुदायिक मालमत्तेची निगा’ या शेवटच्या विषयात मैदान बसवता येते, नाही असे नाही. पण ते बसवून घ्यावे लागते. गावचे मूल शहरच्या मुलापेक्षा कमी धावते, असे घटनाकारांच्या वारसदारांना वाटले असेल काय?

२०२३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात ३७व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात झाल्या. पणजी, म्हापसा, मडगाव, फोंडा, वास्को येथे सामने भरले. त्याचा मला आनंदच आहे. पण म्हापशाच्या संकुलात खेळायला पेडण्याच्या एखाद्या वाड्यावरची मुलगी शाळा सुटल्यावर जाऊन दिवेलागणीपूर्वी घरी परतू शकत नाही. इंग्लंडात १९२५ साली क्रीडांगणे राखण्यासाठी एक राष्ट्रीय संस्था निघाली आणि दर हजार वस्तीमागे सहा एकर मोकळी जागा असावी, असा मापदंड तिने पुढे केला. आकड्याचे सोडा, मैदान वस्तीच्या प्रमाणात आणि वस्तीजवळ मोजावे, ही दृष्टी घेण्यासारखी आहे.

डिचोलीची गोष्ट थोडी निराळी. येथे बराच काळ खेळाचा पोशिंदा खाणमालक होता. धेंपो, साळगावकर ही घराणी फुटबॉलचे संघ चालवीत. सेसा कंपनीची अकादमी १९९९ साली निघाली आणि सांखळीचे नाव तिच्याशी जोडले गेले. त्यातून चांगले खेळाडू घडले, हे कृतज्ञतेने म्हटले पाहिजे. पण सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या तेव्हा दात्याच्या भरवशावर राहण्यातला धोकाही कळला. २०१५ च्या कायद्याने खाणग्रस्त भागांच्या हितासाठी जिल्हा खनिज निधी निर्माण झाला. धूळ ज्यांच्या छातीत गेली त्या मुलांचे मैदान या ‘हितात’ बसते, असा आग्रह ग्रामसभांनी धरावा.

आता ते देणे. काही वर्षांपूर्वी आमच्या गावच्या मैदानावर सभागृह बांधण्याचा ठराव ग्रामसभेपुढे आला. मी उठून त्याला पाठिंबा दिला. नाटके होतील, व्याख्याने होतील, असे मी चांगले अर्धा तास बोललो, आणि टाळ्याही मिळाल्या. मागच्या बाकावरून गुरुजी उठले. त्यांनी एवढेच विचारले : “हॉल जातलो, बरें. पूण पोरां खंय खेळतलीं?” कोणी उत्तर दिले नाही. मीही नाही. सभागृह उभे राहिले. वर्षातून मोजक्या दिवशी ते उघडते. एरवी त्याला कुलूप असते. उरलेल्या पट्टीवर पावसाळ्यात पाणी तुंबते, कारण गटार बांधकामाखाली गेले. गुरुजींनी मला त्याबद्दल कधी बोल लावला नाही, याचेच अधिक वाईट वाटते.

बांधकामाला उद्घाटन असते, कोनशिला असते. गवत कापण्याला कोनशिला कोण बसविणार? म्हणून निधी भिंतींकडे वाहतो. आपल्याकडील पावसात जांभ्याच्या मातीचे मैदान एका वर्षात ओहोळांनी चिरले जाते. मे महिन्यात गटारे उपसणे, पाऊस ओसरल्यावर रोलर फिरवणे, दिव्यांचे बिल भरणे, आणि मुलींसाठी पाणी असलेले स्वच्छतागृह उघडे ठेवणे, एवढे झाले तरी पुष्कळ. त्यासाठी पगारी माणूस हवा.

येत्या ग्रामसभेसाठी मी पंचायतीकडे अर्ज दिला आहे. उरलेल्या पट्टीसाठी अंदाजपत्रकात निगेचे स्वतंत्र शीर्षक असावे, पावसापूर्वी नवे गटार खणावे, एक राखणदार नेमावा, आणि सभागृहाची एक किल्ली शाळेत ठेवून पावसाळ्यात संध्याकाळी ते मुलांना कॅरम, टेबल टेनिस, कबड्डीसाठी खुले करावे, अशा चार मागण्या त्यात आहेत. सभा रविवारी सकाळी आहे. ज्यांना येणे शक्य आहे त्यांनी यावे. या वेळी मी थोडक्यात बोलणार आहे.