मुलांच्या बातमीला गुण कसे द्यावेत?



मी सातवीपर्यंत शिकलेली. तरी हायस्कुलातल्या मुलांनी लिहिलेल्या बातम्यांविषयी दोन शब्द सांगते.

अमेरिकेत कॅन्सस संस्थानात पिट्सबर्ग गाव आहे. तेथल्या हायस्कुलातली मुले 'बूस्टर रीडक्स' नावाचे वर्तमानपत्र काढीत. २०१७ साली शाळेवर नव्या मुख्याध्यापिका नेमल्या. मुलांनी त्यांच्या पदव्यांची चौकशी केली, तो ते विद्यापीठच मान्यतेचे नाही असे दिसले. मुलांनी खुद्द बाईंना विचारले, आणि मग ३१ मार्चला बातमी छापली. एप्रिलात बाईंनी राजीनामा दिला.

आपण मुलांचे अक्षर आणि भाषेचा थाट आधी पाहतो. निबंधाला ते ठीक; बातमीचे माप निराळे. कोण, काय, कोठे, केव्हा हे आले का? कोणी सांगितले ते लिहिले का? ज्याच्याविषयी लिहिले, त्याला विचारले का? नुसते 'लोक म्हणतात' असेल तर गुण खुशाल कापावेत.

पण मोठ्यांना प्रश्न विचारला म्हणून पोराला उद्धट ठरवून गुण कापू नयेत. पडताळून लिहिलेल्या खऱ्या बातमीने शाळेला बट्टा लागत नाही, भगिनींनो. तो झाकून ठेवल्यानेच लागतो.