तिसरीची वाट कशाला पाहायची?



 बेंगळूरुतल्या हेब्बाळच्या या संमेलनासाठी लहान मुलांचा शब्दसंग्रह हा विषय तुम्ही निवडलात. त्यावर मला एकच गोष्ट आग्रहानं सांगायची आहे. भाषेचा तास लांबवून मुलांचे शब्द वाढत नाहीत. भोवतालचं जग समजून घेता घेता ते वाढतात. महाराष्ट्रात ‘परिसर अभ्यास’ हे पुस्तक तिसरीत हातात येतं. आपण मात्र तो अभ्यास मुलांच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षीच सुरू केला पाहिजे.

आपल्या रविवारच्या मराठी वर्गांत काय चालतं? मुळाक्षरं, फळांचे नि प्राण्यांचे तक्ते, रंग, वार. मुलं घडाघडा म्हणतात आणि आपल्याला बरं वाटतं. पण तक्त्यावरच्या शब्दाला कुठलंच काम नसतं. त्याच्यामुळे काही घडत नाही, कुणी काही विचारत नाही, म्हणून पुढच्या रविवारपर्यंत तो टिकत नाही.

या पावसाळ्यानंतर पाच-सहा वर्षांच्या काही मुलांना घेऊन आम्ही इथल्या तलावावर गेलो होतो. बेंगळूरुजवळ बारमाही मोठी नदी नाही. म्हणून इथल्या लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी उताराच्या वाटेवर बांध घालून तलावांच्या माळा तयार केल्या. वरचा तलाव भरला की जादा पाणी खालच्यात जायचं. इथून ते नागवाराकडे जातं. मुलांनी पाणकावळे पाहिले, बगळे पाहिले, वास येतो म्हणून नाकं दाबली. परत आल्यावर अंगणात मातीचे दोन तलाव केले, एक वर, एक खाली. तांब्यानं पाणी ओतलं. वरचा तलाव काठोकाठ भरला आणि एकदम बांध फुटला. सगळे ओरडले. पुन्हा बांध घातला, पुन्हा फुटला. मग त्यांच्यातल्याच एकानं बांधाच्या कडेला थोडी खोलगट जागा करून तिथं चपटा दगड बसवला. पाणी शांतपणे खाली उतरलं. तेव्हा ताईंनी सांगितलं, याला सांडवा म्हणतात. पुढच्या आठवड्यात त्यातल्या एका मुलीचा दुधाचा पेला ओसंडला, तर ती आईला म्हणाली, “अगं, याला सांडवाच नाहीये!”

तो शब्द आता तिचा झाला. उतार, गाळ, काठ, बांध, ओसंडणं, फुटणं, वळवणं हे त्याचे सोबतीही तिच्याकडे आले. त्या दुपारी कुणी शब्द शिकवायला बसलेलं नव्हतं. पाणी अडवायचं होतं, आणि त्यासाठी शब्द लागले.

तिथून प्रश्न पुढे जातात. मग आमच्या नळाला पाणी कुठून येतं? कावेरीतून, शंभर-एक किलोमीटरवरून, पंपांनी चढवून. टँकर का येतो? आमच्या मोरीतलं पाणी कुठे जातं? या खोऱ्यातलं सांडपाणी प्रक्रिया करून चिक्कबळ्ळापूरकडच्या तलावांत सोडतात, हे पाच वर्षांच्या मुलाला सांगता येतं आणि त्याला ते फार आवडतं. उपसा, पुरवठा, टंचाई, पाळी, सार्वजनिक हे चौथी-पाचवीच्या धड्यांत मुलांना अडवणारे शब्द. ते इतक्या लहानपणी, खऱ्या कामासकट कानावर पडायला हवेत.

याला आधार आहे. 1988 मध्ये रेक्ट आणि लेस्ली या अमेरिकन संशोधकांनी मुलांना बेसबॉलच्या सामन्याचा एक उतारा वाचायला दिला. वाचनात कच्ची पण खेळाची जाणकार असलेली मुलं, वाचनात हुशार पण खेळ न कळणाऱ्या मुलांच्या पुढे गेली. क्रिकेट पाहणाऱ्या आपल्या घरांत हे वेगळं पटवून द्यायला नको. 2020 मध्ये तिथलीच प्राथमिक शाळांची एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. सामाजिक शास्त्रांना जास्त वेळ मिळालेल्या मुलांचं वाचन पाचवीपर्यंत अधिक सुधारलेलं दिसलं. भाषेच्या तासांना जास्त वेळ दिल्यानं तसा फरक दिसला नाही. एका पाहणीवर सगळं तोलू नये हे मान्य, पण दिशा स्पष्ट आहे.

आपल्याला हे परकंही नाही. ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि 1957 मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर नेलं. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. माँटेसरींची महागडी साधनं वारली पाड्यावर परवडणारी नव्हती. या दोघींनी बिया, शिंपले, पानं, दगड घेतले. मुलं शाळेत येईनात, तर शाळा पाड्यात नेली. गुरं राखायला जाणाऱ्यांसाठी ती कुरणात नेली. या कामाकडे आपण गरिबीवरचा तोडगा म्हणून पाहतो. माझ्या मते ती शिक्षणाची अधिक चांगली रीत होती आणि बेंगळूरुच्या पंधराव्या मजल्यावरच्या मुलालाही तिची तितकीच गरज आहे. त्याला लिफ्ट, तळघरातली गाडी आणि शाळेची बस एवढंच ठाऊक असतं. सोसायटीचा राखणदार कुठल्या गावचा, भाजी कुठून येते, कचरा कोण नेतं, हा त्याचा पहिला समाजशास्त्राचा धडा आहे.

काळाचे शब्द हा सगळ्यांत अवघड भाग. आधी, नंतर, पूर्वी, त्या काळी, तेव्हापासून: हे तक्त्यावर काढता येत नाहीत. पण हेब्बाळमध्ये इसवी सन 750 च्या सुमाराचा, गंग राजा श्रीपुरुषाच्या काळातला एक वीरगळ आहे. 2018 मध्ये तो उजेडात आला. गावाचं रक्षण करताना कित्तय्या नावाचा वीर पडला, त्याची ती आठवण. मुलांना त्याच्यासमोर उभं करा. कोण होता? कुणाशी लढला? तेव्हा उड्डाणपूल होता का? नव्हता, तर काय होतं? एका दगडाभोवती हल्ला, राखण, शूर, लेख, पूर्वज एवढं सगळं गोळा होतं. मग मल्लेश्वरमच्या काडू मल्लेश्वराला न्या. तिथं शहाजीराजांचे पुत्र एकोजीराजे यांनी दिलेल्या दानाचा 1669 चा लेख आहे. शहाजीराजांना 1638 नंतर बेंगळूरुची जहागीर मिळाली, ही हकीकत त्या देवळात सांगा. शिवनेरी जरूर शिकवा, पण इथल्या मुलांच्या पायाखालचा इतिहास आधी.

पालक विचारतात, घरी मराठी, गल्लीत कन्नड, शाळेत इंग्रजी. पोर गोंधळणार नाही का? सांडवा कसा चालतो हे एका भाषेत कळलं, की दुसऱ्या भाषेत फक्त नाव शिकायचं उरतं. समज पुन्हा शिकावी लागत नाही. म्हणून तलावावर मासे धरणाऱ्या अज्जांशी मुलांना कन्नडमध्ये बोलू द्या आणि घरी येऊन तेच आजीला मराठीत सांगायला लावा. आणि आजीनं ऐकावं, मध्येच दुरुस्त करू नये. मूल जेवढं लांब सांगेल तेवढं सांगू द्यावं.

दुपारच्या सत्रासाठी माझी एक विनंती आहे. प्रत्येक वर्गानं आपल्या वर्गापासून चालत दहा मिनिटांत गाठता येतील अशी ठिकाणं कागदावर काढावीत: तलाव, देऊळ, पिठाची गिरणी, टपाल कचेरी, बसथांबा, रोपवाटिका. प्रत्येक ठिकाणी मुलं कुणाशी बोलतील, हातानं काय करतील आणि परत आल्यावर कुणाला सांगतील, एवढंच त्यापुढे लिहावं. शब्दांची यादी आधी करू नये. ती फेरीनंतर मुलांच्या तोंडून ऐकून वहीत उतरवावी, आणि महिन्याभरानं त्यातले कोणते शब्द मुलं आपणहून वापरतात ते तपासावं. ते कागद एकत्र करून आपण सगळ्या वर्गांना पाठवू. त्यासाठी लागणारी छपाई मी माझ्याकडे घेते.