गळा नवा, मूळ जुने



माझा भाचा विरारला राहतो. दिवसा अंधेरीला नोकरी करतो आणि शनिवारी रात्री चार मित्रांबरोबर हेवी मेटल वाजवतो. पाठीला गिटार लावून तो लोकलमध्ये कसा चढतो, ते त्याचे त्यालाच ठाऊक. मागच्या वर्षी त्यांचा गायक नोकरीसाठी कॅनडाला गेला. भाचा माझ्याकडे येऊन म्हणाला, "मामा, तुमचा गायक बँड सोडून गेला तेव्हा तुम्ही काय केलं होतं?"

मी वसईत आमच्या गावच्या बँडमध्ये तीस वर्षे कॉर्नेट वाजवत होतो. लग्नाची वरात, चर्चचा सण, गणपती विसर्जन, कुठेही. तेव्हा प्रश्न मलाच विचारणे बरोबर होते. पण मला उत्तर पटकन देता येईना. मग त्यानेच मला एका जर्मन बँडची गोष्ट सांगितली आणि गाणीही ऐकवली. पहिल्या पाच मिनिटांत माझे कान बधिर झाले. सहाव्या मिनिटाला मी ताल धरला होता.

या संगीताला 'पॉवर मेटल' म्हणतात. ड्रमवाला दोन्ही पायांनी घोडदौड करतो, दोन गिटार एकच चाल वेगवेगळ्या सुरांत जोडीने वाजवतात आणि गायक तार सप्तकात पोचतो. विषय बहुधा लढाया, दंतकथा, अंधारावर प्रकाशाचा विजय. धृपद असे, की मैदानातल्या हजारो लोकांना एका सुरात म्हणता यावे. आवाज दणदणीत, पण गाणे निराशेचे नव्हे. आपला पोवाडा ऐकलेल्या माणसाला हे अगदीच परके वाटू नये.

या प्रकाराचा पाया ज्यांनी घातला, त्यांत हॅम्बर्गच्या 'हॅलोवीन' या बँडचे नाव आधी घेतात. १९८४ साली तो सुरू झाला. सुरुवातीला काई हान्सेन गिटार वाजवता वाजवताच गायचा. दोन्ही कामे जड जाऊ लागली, तेव्हा १९८६ साली त्यांनी मिखाएल किस्के हा अठरा वर्षांचा मुलगा घेतला. त्याचा आवाज स्वच्छ आणि विलक्षण उंच जाणारा. १९८७ आणि १९८८ साली 'कीपर ऑफ द सेव्हन कीज' या नावाचे दोन अल्बम आले आणि बँड जगभर पोचला. पुढे या वाटेने गेलेल्या कितीतरी बँडांनी हे दोन अल्बम पाठ्यपुस्तकासारखे गिरवले.

पण यशाबरोबर कुरबुरीही आल्या. हान्सेनने बँड सोडला. उरलेल्यांना वाटू लागले, आपण काहीतरी निराळे करावे. १९९३ साली त्यांनी 'कमेलियन', म्हणजे सरडा, या नावाचा अल्बम काढला. त्यात सिंथेसायझर होता, साधी गिटार होती, आमच्या बँडमध्ये असतात तशी पितळी वाद्येही होती. नव्हते ते त्यांचे स्वतःचे संगीत. श्रोते दुरावले, आपापसांत बोलणे बंद झाले आणि त्याच वर्षी किस्केला काढून टाकण्यात आले. ड्रमवाला इंगो श्विश्टेनबर्ग मानसिक आजाराने ग्रासला होता, त्यालाही जावे लागले. १९९५ साली, वयाच्या अवघ्या २९ व्या वर्षी त्याचा मृत्यू झाला.

अशा पडत्या काळात १९९४ साली आंदी डेरिस हा नवा गायक आला. त्याचा गळा किस्केसारखा नाही. थोडा खरखरीत, थोडा खालचा. दुसऱ्या बँडमधून आलेला अनुभवी माणूस. त्याने किस्केची नक्कल केली नाही. तो स्वतःची गाणी घेऊन आला आणि त्याच वर्षी निघालेल्या 'मास्टर ऑफ द रिंग्ज' या अल्बममध्ये बँड पुन्हा आपल्या मूळ वेगावर आणि मूळ चालीवर आला. पुढचा अल्बम त्यांनी दिवंगत इंगोला अर्पण केला.

आता गंमत पाहा. जुना गळा बँडमध्ये असताना मूळ सुटले होते आणि नवा गळा आल्यावर ते सापडले. म्हणजे मूळ गळ्यात नव्हतेच. ते गाण्याच्या बांधणीत होते, चौघापाचांनी मिळून वाजवण्याच्या रीतीत होते.

आपल्या मराठी रंगभूमीला हे नवे नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले, तेथून किर्लोस्कर नाटक मंडळी उभी राहिली. भाऊराव कोल्हटकर हा तिचा गळा. ते १९०१ साली गेले, तेव्हा आता कंपनीचे कसे होणार, ही चिंता रसिकांनाही होती. १९०५ साली नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व, कंपनीत आले आणि उभे राहिले ते शकुंतलेच्याच भूमिकेत. कंपनीचे पहिले नाटक, पण आवाज अगदी निराळा. भाऊरावांचा पल्लेदार, चढा. बालगंधर्वांचा मृदू, लडिवाळ. लोकांनी तुलना केली असेलच. पण 'शाकुंतल' जुने झाले नाही.

हे सगळे भाच्याशी बोलताना मला माझा बँड आठवत होता. आमचा गायक हातगाडीवरच्या भोंग्यातून गावची जुनी लग्नगाणी आमच्या बोलीत म्हणायचा. हळदीला आलेल्या म्हाताऱ्या त्याच्याबरोबर गायच्या. मग आम्हालाच ते जुनाट वाटू लागले. कीबोर्ड आणला, नवी फिल्मी गाणी बसवली. गायकाशी वाद झाला आणि तो निघून गेला. पुढे डीजे आले. फिल्मी गाणी तो आमच्यापेक्षा स्वस्तात आणि मोठ्याने वाजवत होता. मग आम्हाला कोण बोलावणार?

काही वर्षांनी नालासोपाऱ्याचा एक मुलगा आम्हाला मिळाला. मूळचा कोकणातला. आमची बोली त्याला येत नव्हती. आमच्यातल्या एकाच्या आईकडे बसून त्याने गाणी शिकून घेतली. त्याचे उच्चार थोडे वेगळेच राहिले, पण ती गाणी पुन्हा मांडवात ऐकू येऊ लागली आणि आमच्या सुपाऱ्याही वाढल्या.

एका लग्नात आमचा जुना गायक कुंपणापाशी उभा राहून ऐकत होता. मी त्याला पाहिले. नजरानजर झाली. मी कॉर्नेट ओठांवरून काढला नाही. नंतर बोलावू, असे मनात म्हटले. ते नंतर आलेच नाही. दोन पावसाळ्यांनी तो वारला. नव्या मुलाला त्याच्याकडून पाच गाणी मिळाली असती. ती त्याच्याबरोबर गेली.

भाचा म्हणाला, "मामा, त्या जर्मन लोकांची गोष्ट अजून संपली नाही." २०१६ साली हॅलोवीनने किस्के आणि हान्सेन या दोघांनाही परत बोलावले. डेरिसला बाजूला केले नाही. सात जण एका मंचावर आणि त्यांतले गाणारे तीन. २०२१ साली या सात जणांचा अल्बमही निघाला. एके काळी ज्यांचे आपापसांत पटेनासे झाले होते, ते एकाच गाण्याच्या ओळी वाटून घेऊ लागले.

हे ऐकल्यावर मला त्याच्या प्रश्नाचे उत्तर देता आले. मी म्हणालो, "अरे, जुन्यासारखा आवाज शोधत बसू नकोस. आधी तुमची स्वतःची गाणी कोणती, ते ठरवा. मग ती आपलीशी करील असा माणूस घ्या. आणि जो गेला आहे त्याला फोन कर."

त्यांना आता गायिका मिळाली आहे, वसईचीच. पहिल्या तालमीला मीही गेलो होतो. भाच्याचा फोन एका खुर्चीवर उभा करून ठेवला होता. कॅनडात पहाट होती, पण जुना गायक जागा राहून ऐकत होता. दुसऱ्या गाण्यात ती एका जागी अडली, तेव्हा फोनमधून त्यानेच ती ओळ म्हणून दाखवली. तिने ती ऐकली आणि आपल्या पद्धतीने म्हटली.