कवटीची शंकरपाळी
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



फराळाविषयी बोलणे हे माझ्यासारख्या सरकारी अधिकाऱ्याचे काम नव्हे. परंतु माझ्या मराठीचे मूळ आईच्या शंकरपाळ्यांत आहे, म्हणून बोलतो.

१९६४ साली सुरू झालेली इंद्रजाल कॉमिक्स मराठीतही निघत. मामा ती पुण्याहून टपालाने धाडीत. तीतील ली फॉकचा 'वेताळ' माझा दैवतच! त्याच्या अंगठीतील कवटीची खूण दुष्टांच्या जबड्यावर उमटे. एका दिवाळीत आईने शंकरपाळ्यांची पोळी लाटून वाटीने चकत्या कापल्या, अंगुस्तानाने डोळे पाडले आणि कवट्या तुपात तळल्या.

"सणासुदीला कवटी?" शेजारच्या काकू दचकल्या.

"महाश्मशानाच्या गावी राहून कवटीचे भय कसले?" आई उत्तरली.

अट एकच : एक पान मोठ्याने वाचावे, तेव्हा एक कवटी मिळे. शाळा हिंदी, गल्ली बनारसी. मराठी वाचन जडले ते या लोभाने. पुढे बदलीच्या गावांहून आईला मराठीतच पत्रे लिहिली. ती गेल्यावर ती सारी फराळाच्या डब्यात सापडली.

इंद्रजाल १९९० साली बंद पडली. आज आपल्या मुलांना मराठी समजते, पण ती मराठी वाचीत नाहीत. त्यांचा लाडका छोटा भीम. त्याचे बळ लाडवांत! तेव्हा लाडू अवश्य वळा. मात्र हातावर ठेवण्यापूर्वी मराठीचे एक पान वाचून घ्या.