नामंजुरीच्या पत्रानंतर

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेतील एका ज्येष्ठ वैद्यकीय अधिकाऱ्यांचे भाषण)



सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांतून पिढ्यान्‌पिढ्या तरुण सैन्यात गेले. त्यांपैकी अनेक जण निवृत्तीनंतर आपल्या बाह्यरुग्ण विभागात येतात. गतवर्षी एका निवृत्त हवालदारांनी तपासणीच्या कागदांसोबत चार घड्या घातलेले एक पत्र माझ्यापुढे ठेवले. अपंगत्व निवृत्तिवेतन नामंजूर. कारण, आजार सेवेमुळे उद्भवलेला नाही आणि सेवेमुळे बळावलेलाही नाही. “सरकारनंच लिहिलंय, आता काय करायचं, डॉक्टरसाहेब?” ते म्हणाले. पत्र अकरा वर्षांपूर्वीचे होते.

वस्तुतः हे वाक्य म्हणजे अंतिम निवाडा नव्हे. त्याच्या मुळाशी वैद्यकीय मंडळाचे मत असते, आणि मताला कारणे द्यावी लागतात. १९८५ साली सिग्नल्स दलात भरती झालेल्या धरमवीर सिंग यांना फिट्‌सच्या विकारामुळे १९९४ साली सेवामुक्त करण्यात आले. विकार प्रकृतिगत ठरवून त्यांना निवृत्तिवेतन नाकारले गेले. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. भरतीच्या वेळी नोंद नसलेला आजार सामान्यतः सेवेमुळेच झाला असे मानावे. तसे नाही हे सिद्ध करण्याचा भार शासनावर. ‘प्रकृतीचा दोष’ एवढेच लिहून मोकळे होण्याची सवय आम्हा डॉक्टरांनाही आहे, हे मी येथे कबूल करतो.

प्रथम अपील नामंजुरीनंतर सहा महिन्यांत करावयाचे असते. त्यानंतर द्वितीय अपील, आणि तेही फेटाळल्यास सशस्त्र दल न्यायाधिकरण, ज्याचे खंडपीठ मुंबईत आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मार्गदर्शन मिळते. सप्टेंबर २०२३ नंतरच्या निवृत्तांना नवे नियम लागू असल्याने निवृत्तीची तारीख आधी पाहावी. विलंबाने हक्क संपूर्ण बुडत नाही. परंतु थकबाकी सामान्यतः तीनच वर्षांची मिळते. हवालदारांची आठ वर्षे त्या घडीतच गेली.

विश्वस्तांना एक विनंती. अभिलेख कक्षातील जुने केसपेपर रद्दीत काढण्याचा प्रस्ताव यंदा आपल्यापुढे आहे. सेवेत असताना रजेवर आलेल्या या हवालदारांची तपासणी आपल्याच रुग्णालयात झाली होती. तो केसपेपर दोन दिवस शोधल्यावर तेथेच सापडला. विलंबमाफीच्या अर्जासह त्यांचे अपील आता गेले आहे, आणि तो कागद त्यास जोडलेला आहे. माजी सैनिकांचे गठ्ठे तूर्त तसेच राहू द्यावेत.