वरची खुर्ची



मागच्या खेपेला आपण पोस्टाचे कार्ड लिहायला शिकलो. आज आधी एका कार्डाचीच गोष्ट ऐका.

साल 1974. बंगलोरच्या विज्ञान संस्थेत सुधा कुलकर्णी नावाची मुलगी शिकत होती. तिने एक जाहिरात वाचली. टेल्को कंपनीला इंजिनियर हवे होते. पगार चांगला होता. पण खाली एक ओळ होती, की बायकांनी अर्ज करू नये. तिला राग आला. तिने एक कार्ड घेतले आणि थेट जे. आर. डी. टाटांना लिहून टाकले, की हे तुमच्यासारख्यांना शोभत नाही. कार्ड ते केवढे, आणि त्याला पैसे ते किती लागतात! पण पुण्याला मुलाखतीचे बोलावणे आले. नोकरी मिळाली. मालमोटारी बनतात त्या कारखान्यात काम करणारी ती टेल्कोची पहिली बाई इंजिनियर. याच पुढे सुधा मूर्ती म्हणून सगळ्यांना ठाऊक झाल्या.

ही गोष्ट पुष्कळांनी ऐकलेली असते. ऐकून बरे वाटते. पण बायांनो, दार उघडले म्हणजे माडी आली असे नाही. मधे जिना असतो. आज आपण त्या जिन्याविषयी बोलू.

कमला भागवत या मुंबई विद्यापीठाच्या पदवी परीक्षेत पहिल्या आल्या. विदुषी दुर्गाबाई भागवत यांच्या त्या बहीण. 1933 साली त्यांनी बंगलोरच्या त्याच विज्ञान संस्थेत अर्ज केला. संस्थेचे प्रमुख होते सर सी. व्ही. रामन. केवढा मोठा शास्त्रज्ञ! नोबेल पारितोषिक मिळालेला. पण त्यांनी अर्ज नाकारला. का? तर मुलगी म्हणून. कमलाबाई उठून घरी गेल्या नाहीत. माझा गुन्हा काय ते सांगा, म्हणून हटून बसल्या. अखेर प्रवेश मिळाला, पण अटी घालून. एक वर्ष काम पाहू, मग नाव कायम करू. गुरुजी सांगतील तर रात्रीही काम करायचे. आणि इतर विद्यार्थ्यांचे लक्ष विचलित होता कामा नये! मुलांचे लक्ष उडाले तर दोष मुलीचा. हा न्याय आपल्याला नवा नाही.

कमलाबाईंनी ते वर्ष निभावले. दूध आणि डाळी यांतल्या प्रथिनांवर काम केले. प्रथिन म्हणजे अन्नातला अंग भरणारा भाग. त्यांचे काम पाहून रामन यांचेही मन वळले आणि संस्थेत मुलींना घेऊ लागले. पुढे 1939 साली केंब्रिजला त्यांनी पीएच्.डी. ही पदवी मिळवली. विज्ञानात तिथली ही पदवी घेणारी पहिली भारतीय बाई.

लग्नानंतर त्या कमला सोहोनी झाल्या, मुंबईच्या विज्ञान संस्थेत शिकवू लागल्या. ताडामाडाची नीरा तुम्ही प्यायला असाल. गरिबांच्या पोराबाळांना, पोटुशा बायांना नीरेतून काय पोषण मिळते, ते त्यांनी तपासले. राष्ट्रपतींचे पारितोषिकही मिळाले. मग त्याच संस्थेचे संचालकपद. आता नीट ऐका. केंब्रिजची पदवी, शेकडो तास प्रयोगशाळेत, हाताखाली शिकून गेलेले विद्यार्थी, सगळे होते. तरी ती खुर्ची काही वर्षे त्यांना मिळाली नाही. आतले राजकारण आडवे आले. मिळाली ती उशिरा.

पहिल्या वेळी दारावर सरळ 'नाही' म्हटले होते. 'नाही' म्हटले की भांडता तरी येते. पुढच्या वेळी कुणी नाही म्हणत नाही. नुसते थांबवून ठेवतात. आमच्या मते हे जास्त अवघड.

आकडे सांगतो, पाटीवर लिहून घ्या. 2021-22 साली आपल्या देशात कॉलेजांत व विद्यापीठांत 4 कोटी 33 लाख विद्यार्थी होते. त्यांत मुली 2 कोटी 7 लाख. म्हणजे जवळजवळ निम्म्या. शिकवणाऱ्यांत शंभरात 43 बायका. इथवर ठीक. पण त्याच कॉलेजातल्या मोठ्या खोलीत, जिथे घंटी वाजवली की शिपाई येतो, तिथे डोकावून बघा. बाई क्वचित दिसेल.

अशा का गळतात? कुणी म्हणेल, बायकांनाच नको असते. थोडे हिशेबाने पाहू. बढती मिळते ती साधारण तिशी-चाळिशीत. मुले लहान असतात तीही तेव्हाच. बदली आली की नवरा म्हणतो, घर कोण बघणार? साहेब म्हणतो, बाईंना कशाला त्रास, दुसऱ्याला पाठवू. साहेबाच्या मनात वाईट नसते हो. पण लांबचे काम केले नाही म्हणून अनुभव नाही, आणि अनुभव नाही म्हणून बढती नाही. कारखान्यात आणखी एक अडचण होती. 1948 च्या कायद्याने बाईला रात्रपाळी बंद. कायदा तिच्या रक्षणासाठीच केला होता. पण रात्रपाळी न केलेल्या माणसाला कारखाना सांभाळायला कोण देणार? 2020 च्या नव्या संहितेत, बाईची संमती आणि सुरक्षेची सोय असेल तर रात्री काम करता येईल, अशी तरतूद आली.

तरी चढल्या त्या चढल्या. लीला पूनावाला फाळणीत सिंध सोडून आलेल्या घरातल्या. 1967 साली पुण्याच्या इंजिनियरिंग कॉलेजातून यंत्रांची पदवी घेतली. कारखान्यात शिकाऊ म्हणून लागल्या आणि पुढे अल्फा लाव्हल या कंपनीच्या भारतातल्या सगळ्या कारभाराच्या प्रमुख झाल्या.

मोठ्या कंपन्यांत निदान एक तरी बाई संचालक असावी, असा कायदा 2013 साली झाला. तेव्हा काही मालकांनी काय केले? घरातलीच बायको किंवा मुलगी बसवली. तुम्ही हसता, कारण गावात तुम्ही हे पाहिले आहे. सरपंच बाई, आणि सही कुठे करायची ते दाखवणार नवरा! मग मोठ्या कंपन्यांना सांगावे लागले, की मालकाच्या नात्यागोत्याबाहेरची बाई घ्या. पण आम्ही हेही पाहिले आहे, की अशीच एखादी सरपंचीण दुसऱ्या वर्षी नवऱ्याला म्हणते, तुम्ही बाहेर थांबा, मी वाचून सही करते.

परवा वर्गातल्या एका बाईंनी विचारले, "बाई, आम्हाला अजून जोडाक्षर येईना, आणि तुम्ही संचालकांच्या गोष्टी सांगता. आमचा काय संबंध?" प्रश्न चोख आहे. उत्तर असे. कारखान्यात बायकांसाठी मोरी बांधायची की नाही, मुलींचे वसतिगृह काढायचे की नाही, पाळणाघराला खोली द्यायची की कपाटे ठेवायची, हे त्या खुर्चीत ठरते. जिला कधी पदराआड पोर घेऊन काम करावे लागले, तिला ते सांगावे लागत नाही.

डॉक्टर स्नेहलता देशमुख 1995 ते 2000 या काळात मुंबई विद्यापीठाच्या कुलगुरू होत्या. तोवर विद्यार्थ्याच्या कागदावर फक्त बापाचे नाव असे. त्यांच्या काळात तिथे आईचेही नाव लिहू लागले. एक बाई वर बसली आणि लाखो आयांची नावे कागदावर आली. आता 1 मे 2024 पासून महाराष्ट्र सरकारच्या कागदपत्रांतही आईचे नाव लिहायचे ठरले आहे.

तेव्हा पुढच्या गुरुवारी प्रत्येकीने घरातल्या एका पोराचा किंवा पोरीचा शाळेचा दाखला घेऊन या. मळला असला, फाटला असला तरी चालेल. आपले नाव त्यात कुठे आहे, ते शोधू आणि पाटीवर तसेच्या तसे उतरवू. नसेल, तर ते लिहून मिळण्यासाठी अर्ज कसा करायचा, हा पुढचा धडा.